हवेचं फडकं

आमच्या कारखान्यात तापमान सांगणारी तीन मीटरं होती आणि चौथे मामा. चौघांचं एकमत झालं नाही तर कामगार मामांचं ऐकायचे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पटलं मात्र नाही, कारण मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथच्या शेडा यांच्या गर्दीत आमची एकच शेड प्लास्टिकची. शेतीला लागणारे काळे पाईप आम्ही बनवायचो. मला केमिस्ट म्हणून घेतलं होतं. प्लास्टिकचे दाणे तपासायचे, काळा रंग मोजून मिसळायचा, तयार पाईपचा तुकडा कापून जाडी बघायची, एवढंच माझं काम. शेडमध्ये बारा पुरुष आणि मी. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या दोघीजणी शाळेत शिकवायला जात होत्या. कारखान्यात जाणारी मी पहिली. वडिलांनी परवानगी दिली ती "बघू दोन महिने" अशा अटीवर, आणि ते दोन महिने संपले असं त्यांनी शेवटपर्यंत कधी म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी मी मशीनपाशी गेले तेव्हा एक पन्नाशीचा, काळा, सडसडीत माणूस मशीनच्या तोंडाशी वाकून उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. त्याने बाहेर येणाऱ्या वितळलेल्या प्लास्टिकचा कण चिमटीत धरला आणि अंगठा आणि बोट हळूच लांब केलं. मधे एक तार निघाली आणि तुटली.

"कच्चा हाय अजून," तो म्हणाला.

मी मीटर बघितलं. "बरोबर आहे की तापमान. मीटर बघा."

"मीटरला काय बोटं हायत व्हय?"

अर्ध्या तासाने मीटरची आत खोचलेली तार सैल झालेली सापडली. दुपारी मामांनी आपल्या डब्यातला गुळाचा खडा माझ्यापुढे ठेवला. नंतर मला समजलं की ज्याचं चुकलं त्याला ते गूळ द्यायचे. स्वतःचं चुकलं की स्वतः खायचे.

मामा मूळचे गुळवे. कागलच्या पुढे, नदीकाठच्या एका गावातल्या गुऱ्हाळावर काहिलीतला, म्हणजे भल्यामोठ्या कढईतला, रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. काहील दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ पाझरतो, दोन मिनिटं उशिरा उतरली तर करपतो. सगळं गाव श्वास धरून गुळव्याच्या तोंडाकडे बघत असतं. वीस-बावीस वर्षं हे काम केल्यावर एका हंगामात ते गूळ घेऊन कोल्हापूरच्या बाजारात आले होते. परत जाताना आमच्या शेडचं दार उघडं दिसलं, आणि आत एका लोखंडी तोंडातून काळा पाक बाहेर येताना दिसला. ते तासभर दारात उभे राहिले. शेवटी आत येऊन मशीनवाल्याला म्हणाले, "पावणं, तुमचा रस करपाय लागलाय बगा."

मशीनवाल्याने त्यांना हाकललं. पाच मिनिटांत पाईपवर जळके पट्टे यायला लागले. मालकांनी माणूस पाठवून मामांना स्टँडवरून परत आणलं. ते तेव्हापासून इथेच.

प्लास्टिक हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. वितळलेलं ते रस, वाया गेलेलं ते मळी, आणि मशीन चालू करणं म्हणजे काहील चढवणं. नव्या मालाचे दाणे आले की दोन दाणे दाढेखाली धरून चावून बघायचे. कोणी पाहुणा आला, अगदी मुंबईचा असला तरी, पहिला प्रश्न एकच: "तुमच्याकडं ऊस कंचा?" एकदा एका पारशी गृहस्थांना त्यांनी हे विचारलं. त्या गृहस्थांनी गंभीरपणे विचार करून "रसाचा" असं उत्तर दिलं, आणि मामा त्यांच्यावर दिवसभर खूश होते.

त्यांना लिहिता येत नसे. हजेरीच्या वहीत ते अंगठा उठवायचे, पण इतक्या वर्षांच्या चटक्यांनी अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. वहीत रोज एक गुळगुळीत निळा डाग. ऑफिसातले कारकून चिडायचे. "मामा, हा ठसा कुणाचाही असू शकतो."

"कुनाचा आसंल? आसा दुसरा अंगठा आना की हुडकून!"

रजेचे अर्ज मी लिहून द्यायची. पहिल्यांदा विचारलं, "कारण काय लिहू?"

"मन न्हाय."

"असं कारण चालत नाही मामा. पोट दुखतं लिहितो."

"पोट कशाला दुखंल? खोटं लिवू नका बाई. मन न्हाय."

तसंच लिहिलं. मालकांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि मंजूर केला. (मी वर 'लिहितो' म्हणाले ते चुकून नाही. आम्ही कोल्हापूरच्या मुली तेव्हा 'करतो, जातो' असंच बोलायचो. लिहिताना मी शहाण्यासारखी 'करते' लिहिते, इतकंच.)

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या खोड्या आठवून आम्ही जुने लोक अजून हसतो. पण मला त्यांच्याबद्दल खरं सांगायचं आहे ते एका फाल्गुनातलं.

त्या वर्षी नदीकाठच्या एका गावाने मिळून पाणी उचलून आणायची योजना केली होती. लांबलचक पाईपलाईन आणि काम आमच्याकडे. कारखान्याला त्याआधी एवढं मोठं काम मिळालं नव्हतं, आणि दुसरं कुठलंच काम तेव्हा हातात नव्हतं. चैत्र संपायच्या आत पाईप पोचले नाहीत तर गाव दुसरीकडून घेणार होतं. मालकांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं, "हे गेलं तर शेडला कुलूप."

हिशेब सोपा होता. मशीन नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने चालायला हवं होतं. आणि वेग वाढवला की पाईपचं अंग फाटायला लागायचं. आधी बारीक खरखर, मग मगरीच्या पाठीसारखे खवले.

ज्यांनी हे मशीन बघितलेलं नाही त्यांनी चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणावा. आतून दाब, पुढे भोकाची चकती. आमच्याकडे त्या चकतीला डाय म्हणत. वितळलेला रस डायच्या लोखंडी भिंतीला चिकटत चिकटत पुढे सरकतो. हळू सरकला तर ठीक. घाई केली की भिंतीकडचा रस मागे खेचला जातो, मधला पुढे पळतो, आणि बाहेर पडताना कातडी फाटते. शिवाय बाहेर पडल्यावर तो फुगतो, भोकाहून जाड होतो. चकलीचंही थोडंफार तसंच.

मशीन विकणाऱ्या कंपनीचे इंजिनियर मुंबईहून आले. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "मटेरियलचा हा स्वभावच आहे. हळू चालवा, नाहीतर परदेशातून नवी डाय मागवा." आमची होती ती डायसुद्धा परदेशी. आयात परवान्यासाठी मालकांनी वर्षभर हेलपाटे घातले होते तेव्हा कुठे ती आली होती. नव्या डायला तेवढेच महिने लागणार, आणि आमच्याकडे उरले होते दिवस.

इंजिनियर गेल्यावर मामा बराच वेळ खवले आलेला पाईप कुरवाळत बसले. मग मला म्हणाले, "बाई, ढेप कशी पाडत्यात बगितलंय का?"

"नाही."

"गरम गूळ बादलीत वततोय आमी. मोकळ्या बादलीत वतला तर निघंल का? जन्मात न्हाय. आदी आत वलं फडकं आथरायचं. मग गूळ. गार झाला की बादली पालथी घालायची, ढेप कशी पोरावानी सुटून येत्या. गूळ बादलीला शिवतच न्हाय, फडक्याला शिवतोय."

"पण इथं फडकं कसं घालणार? जळून जाईल."

"त्येच म्हणतोय की. जळणार न्हाय, चिकटणार न्हाय, आन् दिसणारबी न्हाय आसं फडकं पायजे."

तिसऱ्या दिवशी दाणे मोजत असताना माझ्या मागे येऊन म्हणाले, "हवा."

त्यांचं म्हणणं असं. डायच्या तोंडाशी, आतल्या बाजूने, सगळीकडून कागद सरकेल एवढी बारीक फट पाडायची. त्या फटीतून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. लोखंड आणि रस यांच्या मधे हवेचा पातळ पदर राहील, रस लोखंडाला शिवणारच नाही, आणि मग कितीही पळवा.

मी खूप वेळ त्यात चूक शोधली. सापडली नाही.

मालकांना विचारलं. ते डायच्या नावानेच उडाले. "एकुलती एक डाय, आणि तिला भोकं पाडू? मामा, गूळ वेगळा आणि हे वेगळं. या विषयावर परत बोलायचं नाही."

मामा परत बोलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी शेजारच्या लेथवाल्याला बोलावलं आणि मला निरोप पाठवला. जायला नको होतं हे मला तेव्हाही कळत होतं. घरी मी मैत्रिणीकडे मंगळवार पेठेत जाते असं सांगितलं आणि उद्यमनगरात गेले.

लेथवाल्याने डायचं तोंड कातून आत एक कडं बसवलं, इतकं नाजूक की मी कागद सरकवून चारी बाजूंनी फट तपासली. लेथवाला गेला. आम्ही दोघांनी डाय चढवली, मशीन तापवलं, रस आला. मामांनी हवेची तोटी उघडली.

क्षणभर एक बोटभर लांबीचा गुळगुळीत, चकचकीत पाईप बाहेर आला. मी ओरडलेच. आणि पुढच्या क्षणी तोंडाशी रसाच्या चिंध्या झाल्या, चिंध्यांची गाठ झाली, गाठ गोठली आणि सगळं बंद पडलं. मशीन कण्हायला लागलं. मामांनी धावत जाऊन बटण दाबलं.

डाय उतरवून आम्ही ती फळीवर ठेवली आणि तेवढ्यात मालक आले. रस्त्यावरून जाताना त्यांना शेडचं दार उघडं दिसलं होतं. त्यांनी डाय बघितली. कातलेलं तोंड, त्यात गोठलेली काळी गाठ. माणसाच्या घरातलं कोणी गेल्यावर जसा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही? सुट्टीच्या दिवशी तुम्ही इथं काय करताय?"

माझ्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. नोकरी, वडील, गल्ली, सुट्टीच्या दिवशी बंद कारखान्यात पुरुषाबरोबर सापडलेली मुलगी. माझे हात मनगटापर्यंत काळे होते.

"बाई छत्री न्याय आल्यात," मामा म्हणाले. "हितं इसरलीती. त्यास्नी ह्यातलं कायबी म्हाईत न्हाय. म्या एकट्यानं केलंय."

फाल्गुनातलं ऊन. शेडमध्ये छत्री नव्हती, कधीच नव्हती. मालकांना तेवढं भान नव्हतं. "उद्यापासून येऊ नका," एवढंच ते मामांना म्हणाले. मामांनी कोपऱ्यातला डबा उचलला आणि गेले. आणि मी, खोटं चालत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी खोटं सांगितलेलं ऐकून, गप्प उभी राहिले. मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी जाऊन नुसती उभी होते. कॉम्प्रेसरच्या नळीवर हात टेकला तर ती गार लागली. तेव्हा कळलं. रस आत उकळता, आणि आम्ही त्याच्या अंगावर गार वारा सोडला होता. गोठणार नाही तर काय होणार? हवा रसाइतकीच गरम हवी होती. गुळवे गार फडक्यावर शिकले होते, बी.एस्सी. मी होते, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी मालकांच्या खोलीत गेले.

"साहेब, काल मी छत्री न्यायला आलो नव्हतो. मीपण होतो त्यात. फट मी तपासली. आणि हवा गार सोडली ही चूक माझी आहे, मामांची नाही."

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "गरम सोडली तर चालेल?"

"चालेल असं वाटतं."

"डाय तर गेलीच आहे. करा."

मी तांब्याची नळी आणून ती हीटरभोवती वेटोळी गुंडाळली, म्हणजे हवा त्यातून फिरून तापून येईल. डाय साफ केली. मशीन चालू झालं. पाईप गाठ न होता बाहेर आला, एका अंगाने आरशासारखा, दुसऱ्या अंगाने खवल्यांचा. हवा वाढवली तर पाईप थरथरायला लागला, कमी केली तर चिकटला. आमच्या दोन्ही मशीनवाल्यांनी दिवसभर प्रयत्न केला. रस किती पिकला की हवा किती, हे मीटरवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मालक म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

जीपने आम्ही मामांच्या गावाला गेलो. गुऱ्हाळ नदीकाठी होतं. लांबूनच गोड, जळकट वास आला. मामा काहिलीपाशी उभे होते, उघड्या अंगाने, तोंडावर वाफ. मालक पुढे जाऊन म्हणाले, "मामा—"

"थांबा," मामा म्हणाले. मान वळवली नाही. "उतरायची येळ झालीया."

मालक थांबले. कोल्हापुरातला बूट घालून, चिपाडाच्या राशीशेजारी, एखाद्या पाव्हण्यासारखे उभे राहिले. मामांनी रस पाण्यात टाकून गोळी बघितली. नाही म्हणाले. परत बघितली. मग हात वर केला, आणि चौघांनी काहील उतरवली.

हात पुसत ते आमच्याकडे आले.

"मामा, चुकलं," मालक म्हणाले. "परत या. पाईप निम्मा चांगला निघतोय. उरलेला निम्मा तुमच्याशिवाय निघत नाही."

"निगतोय? आन् गाठ?"

"हवा गरम केली. बाईंनी शोधून काढलं. बाईंनी सगळं सांगितलं मला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक करून, एखादी चुकीची गोळी बघावी तसं.

"सगळं सांगितलं?"

"हो मामा," मी म्हणाले.

"म्हंजे माझं खोटं फुकट गेलं की वो!" ते ओरडले. गुऱ्हाळावरची माणसं वळून बघायला लागली. "जन्मात एक खोटं बोललो, तेबी टिकू दिलं न्हाईसा!"

मालकांना हसू आलं. मला रडू आलं. मामांनी आमच्यापुढे काकवीच्या दोन वाट्या ठेवल्या, सदरा घातला आणि जीपमध्ये मागे जाऊन बसले. पुढे बसा म्हटलं तर, "फुडं बसून काय करू, मला काय गाडी चालवायची हाय?"

शेडमध्ये आल्या आल्या ते तांब्याच्या वेटोळ्यापाशी गेले. वाकून बघितलं, हात जवळ नेऊन ऊब घेतली. मशीन लावलं. रसाची तार काढली, तुटली; थोडा वेळ थांबून परत काढली, ती लांबली. एक हात तोटीवर, दुसऱ्या हाताची बोटं पाईपच्या जवळ, न लावता. तोटी केसभर इकडे, केसभर तिकडे. खवले मावळत गेले. पाईप थरथरायचा थांबला. मशीनवाल्याने वेग वाढवला, मामांनी मान हलवली, त्याने आणखी वाढवला. पाईप येतच राहिला, सगळ्या अंगांनी एकसारखा काळाभोर, आणि जेवढं भोक तेवढाच, जराही न फुगता. चैत्र संपायच्या आत शेवटचा ट्रक गावाला गेला.

पण त्या दुपारी मला हे पुढचं काही माहीत नव्हतं. माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती, आणि मशीनच्या आवाजात ती बोलायला सोपी वाटली.

"मामा, त्या दिवशी मी गप्प राहिलो."

त्यांची नजर पाईपवरून हलली नाही.

"मग? मी बोलत हुतो की. दोगांनी एकदम बोलल्यावर मालकाला ऐकाय काय येणार?"

पाईप तेवढ्यात वीस फुटांच्या खुणेला पोचला होता. त्यांनी हात मागे करून करवत माझ्या हातात दिली.

"कापा बाई. सरळ कापा."